ऐपतीनुसार दंड : इंग्लंडने गुंडाळलेल्या कायद्याची पार्श्वभूमी

आरोपीची ऐपत पाहून दंड ठरवावा, हा विचार इंग्लंडला नवा नव्हता. दंड अपराधाच्या मानाने असावा आणि त्यापायी व्यापाऱ्याचा माल किंवा कुळाची शेती कसण्याची साधने हिरावली जाऊ नयेत, असे बंधन १२१५ च्या मॅग्ना कार्टातच होते. पुढे फिनलंडने १९२१ मध्ये आणि स्वीडनने १९३१ मध्ये दंडाची सांगड रोजच्या मिळकतीशी घातली. इंग्लंडमध्ये मात्र रक्कम बरीचशी मॅजिस्ट्रेटच्या अंदाजावर राहिली; तो अंदाज चुकला की, ज्या गुन्ह्याला मुळात कैदच नव्हती त्यातही गरीब माणूस दंड थकल्यामुळे तुरुंगात जाई.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस बेझिंगस्टोक, ब्रॅडफर्ड, स्वान्झी आणि टीसाइड येथील न्यायालयांत नवी पद्धत आजमावली गेली आणि तिचा अनुभव चांगला आला. १९९१ च्या फौजदारी न्याय कायद्याने ती ऑक्टोबर १९९२ पासून इंग्लंड व वेल्समध्ये लागू केली. गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार १ ते ५० एकके ठरवायची, खर्च वजा जाता उरणाऱ्या साप्ताहिक उत्पन्नाच्या एक तृतीयांशाइतका एककाचा दर धरायचा आणि दोहोंचा गुणाकार करायचा, असा तो हिशेब होता. दर मात्र किमान ४ आणि कमाल १०० पौंड, म्हणजे चाचणीतल्या कमाल दरापेक्षा कितीतरी जास्त ठेवण्यात आला. शिवाय उत्पन्नाचा अर्ज न भरणाऱ्याला थेट कमाल दर लावता येत असे.

घात झाला तो इथेच. चिप्सचे रिकामे पाकीट रस्त्यावर टाकणाऱ्या एका माणसाला १,२०० पौंड दंड झाला. खरी परिस्थिती पुढे आल्यावर तोच ४८ पौंडांवर आला. एकके दोन्ही वेळा बाराच होती, बदलला तो फक्त दर. वर्तमानपत्रांनी हे प्रकरण उचलून धरले, काही मॅजिस्ट्रेटांनी राजीनामे दिले आणि मे १९९३ मध्ये गृहमंत्री केनेथ क्लार्क यांनी ही पद्धत रद्द करण्याची घोषणा केली. कमाल दर उतरवून आणि अर्जाचा नियम सुधारून भागले असते; त्याऐवजी सगळी व्यवस्थाच मोडीत काढली गेली, हे मला अन्यायकारक वाटते, कारण त्यानंतर बेकारांचे दंड वाढले आणि कमावत्यांचे घटले.

आजच्या शिक्षाविषयक मार्गदर्शक तत्त्वांत किरकोळ गुन्ह्यांचा दंड साप्ताहिक उत्पन्नाच्या ५०, १०० किंवा १५० टक्क्यांपासून मोजायला सुरुवात होते. एकके गेली, पण उत्पन्नाचा आधार परत आला.