ड्राफ्ट नाकारला की दार बंद? मुळीच नाही

अमेरिकन बेसबॉलबद्दल एक समज वर्षानुवर्षे फिरतोय: शाळेतून ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, निवड झाली आणि करार नाकारला, की पुन्हा संधी नाही. हे साफ चूक आहे.

क्रिस सेल या डावखुऱ्या पिचरचंच (चेंडू टाकणाऱ्याचंच) बघा. 2007 मध्ये कोलोरॅडो रॉकीजने त्याला 21 व्या फेरीत निवडलं. त्याने सही केली नाही, फ्लोरिडा गल्फ कोस्ट विद्यापीठात गेला. तिथे त्याने चेंडू सोडताना हात खाली, बाजूकडे आणला. अशा कोनातून आलेला चेंडू डावखुऱ्या बॅटरला पाठीमागून आल्यासारखा वाटतो. त्याचा खांदा आधीच उघडतो आणि बॅट चेंडूपर्यंत पोहोचत नाही. 2010 मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने त्याला पहिल्याच फेरीत, 13 व्या क्रमांकावर घेतलं. त्याच ऑगस्टमध्ये तो मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च पातळीवर, खेळला. इतकी झेप मात्र दुर्मीळ. बहुतेकांची काही वर्षं खालच्या पातळीच्या मायनर लीगमध्येच जातात.

खरी अट वेगळीच आहे. चार वर्षांच्या कॉलेजात प्रवेश घेतला, की साधारणपणे तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा 21 वर्षांचं होईपर्यंत थांबावं लागतं. दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजला हे बंधन नाही. तिसऱ्या वर्षानंतर निवड होणं सगळ्यात फायद्याचं, कारण सही करण्यासाठी देऊ केलेला बोनस पटला नाही तर चौथ्या वर्षासाठी परतता येतं. चौथं वर्ष संपलेल्याकडे हा पर्याय उरत नाही, म्हणून त्याला बहुधा कमी रकमेवर सही करावी लागते.

आपला डावखुरा पिचर रिंकू सिंग (त्याच नावाचा क्रिकेटपटू नव्हे) 2008 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सकडे गेला, तो ड्राफ्टमधून नव्हे, थेट करारावर.