विंडिगो

विंडिगो : उत्तर अमेरिकेतील ओजिब्वे, क्री इत्यादी अल्गोंक्वियन भाषक समाजांच्या परंपरेतील नरमांसभक्षक अमानवी जीव. क्री भाषेत त्यास वीहतिको म्हणतात. कॅनडाची थंड अरण्ये आणि पंचमहासरोवरांचा परिसर हे त्याचे मूळ क्षेत्र होय. ‘राक्षस’ किंवा ‘पिशाच’ हे शब्द त्यास पुरते लागू पडत नाहीत. मराठीतील भस्म्या रोगाची कल्पना त्याच्या अधिक जवळची आहे, कारण विंडिगो जितके खातो तितकाच वाढतो आणि त्यामुळे त्याचे पोट कधीच भरत नाही. ओजिब्वे लेखक बेसिल जॉन्स्टन यांनी त्याचे वर्णन हाडांवर ताणलेली राखाडी कातडी, खोल गेलेले डोळे आणि फाटून रक्ताळलेले ओठ असे केले आहे.

माणसाचाही विंडिगो होतो. दुष्काळी हिवाळ्यात ज्याने नरमांस खाल्ले, किंवा ज्याला हावेने ग्रासले, त्याच्या काळजाचा बर्फ होतो असे मानत. तो वितळावा म्हणून रोग्याला वितळवलेली कढत चरबी पाजल्याचे उल्लेख काही कथांत येतात. ही समजूत कथांपुरती राहिली नाही. कुटुंबीयांना मारून खाल्ल्याबद्दल स्विफ्ट रनर या क्री शिकाऱ्याला १८७९ मध्ये फोर्ट सॅस्कॅचवान येथे फाशी देण्यात आले. याउलट विंडिगो होऊ घातलेल्या माणसांना मारणे हे जॅक फिडलर हे मुखिया आपले कर्तव्य समजत; १९०७ मध्ये त्यांना व त्यांच्या भावाला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली, म्हणजे एका समाजाचा रक्षक दुसऱ्याच्या कायद्यात आरोपी ठरला. पुढे नरमांस खाण्याच्या अनिवार ओढीच्या मनोविकारासाठी मानसशास्त्रात ‘विंडिगो सायकोसिस’ ही संज्ञा रूढ झाली. परंतु असा रोगी कोणी प्रत्यक्ष तपासल्याचा विश्वसनीय पुरावा नाही, असा आक्षेप मानवशास्त्रज्ञ लू मरानो यांनी १९८२ मध्ये घेतला.

चित्रपटांतील विंडिगोला बहुधा फाटे फुटलेली शिंगे असतात. पारंपरिक वर्णनांत ती आढळत नाहीत. स्कॉट कूपर दिग्दर्शित ‘अँटलर्स’ या २०२१ च्या भयपटाचे तर नावच शिंगांवरून पडले आहे. गिलेर्मो देल तोरो हे त्याचे एक निर्माते. कथा ऑरेगनमधील एका ओसाड खाणगावात घडते. हा प्रशांत किनाऱ्याकडील प्रदेश ओजिब्वे वा क्री यांचा नव्हे. मूलनिवासी अभिनेते ग्रॅहम ग्रीन यांच्या वाट्याला मुख्यतः दंतकथा समजावून सांगण्याचेच काम आले आहे, ही त्यातील ठळक उणीव. तरीही एका बाबतीत चित्रपट मूळ कल्पनेशी इमान राखतो : ल्युकस हा शाळकरी मुलगा पालटत चाललेल्या बापाला घरात कुलूपबंद ठेवतो, मेलेली जनावरे आणून दाराआड टाकतो, आणि आतली भूक दर खेपेस वाढलेलीच असते.