बीसीएची सीईटी आणि पदवीच्या संगणकशिक्षणातली जुनी रेघ

२०२३ च्या अखेरीस तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने (एआयसीटीई) २०२४ ते २०२७ या काळासाठीची मान्यता-नियमावली जाहीर केली आणि बीसीए (बॅचलर ऑफ कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन), बीबीए, बीएमएस हे संगणक व व्यवस्थापनाचे पदवी अभ्यासक्रम प्रथमच आपल्या अखत्यारीत घेतले. महाराष्ट्रापुरता त्याचा दिसणारा परिणाम म्हणजे सीईटी, अर्थात सामाईक प्रवेश परीक्षा. बारावीच्या गुणांवर, महाविद्यालयातच अर्ज भरून मिळणारा प्रवेश २०२४-२५ पासून राज्यस्तरीय परीक्षा आणि केंद्रीभूत फेऱ्यांमधून मिळू लागला. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स आणि बीएस्सी आयटी या पदव्या त्या यादीत नव्हत्या, त्यामुळे त्यांचे प्रवेश पूर्वीसारखेच होत राहिले. पुष्कळ महाविद्यालयांत बीसीए आणि या बीएस्सी एकाच इमारतीत, एकाच प्रयोगशाळेत आणि काही विषयांपुरते त्याच शिक्षकांकडून चालतात. सीईटी हवी की नको, एवढ्यावरच हा वाद बहुतेक वेळा अडकून पडला. मात्र रेघ नेमकी बीसीए आणि बीएस्सी यांच्यामध्येच का पडली, हा प्रश्न त्याहून जुना आहे आणि त्याचे उत्तर अभ्यासक्रमाच्या आशयापेक्षा विद्याशाखांच्या वाटणीत व कायद्याच्या व्याख्येत सापडते.

आपल्याकडे संगणकशिक्षण वरून खाली झिरपत आले. कानपूरच्या आयआयटीत १९६३ मध्ये आयबीएम १६२० हे यंत्र बसले आणि त्याभोवती अभ्यासक्रम सुरू झाले. पण संगणकशास्त्राची स्वतंत्र बीटेक तिथेच सुरू व्हायला १९७८ साल उजाडले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एमसीए ही पदव्युत्तर पदवी आली. गणिताची पार्श्वभूमी असलेला कोणत्याही शाखेचा पदवीधर घ्यावा आणि तीन वर्षांत त्याला उद्योगांसाठी संगणकप्रणाली उभारता याव्यात, अशी तिची मांडणी होती. १९८३ मध्ये महाराष्ट्राने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले आणि यथावकाश त्यांतली ‘कॉम्प्युटर’ ही शाखा सर्वाधिक मागणीची ठरली. हा सगळा भाग बहुतेकांना ठाऊक असल्याने इथे त्याचा विस्तार करत नाही. अभियांत्रिकीबाहेरच्या तीन वर्षांच्या पदव्या यानंतर आल्या. त्या आणणारी विद्यापीठे होती, केंद्र सरकार नव्हे, आणि पुढच्या गुंतागुंतीचे मूळ बरेचसे इथेच आहे.

विद्यापीठात नवा अभ्यासक्रम कोणत्या ना कोणत्या विद्याशाखेच्या पदरात घालावा लागतो. संगणक हा विषय जिथे विज्ञान शाखेकडे गेला तिथे बीएस्सी किंवा बीसीएस (बॅचलर ऑफ कॉम्प्युटर सायन्स) झाली. जिथे वाणिज्य व व्यवस्थापनाकडे गेला तिथे बीसीए. प्रत्येक विद्यापीठाने नाव आपापल्या सोयीने ठेवले. कोल्हापूरच्या विद्यापीठात संगणकशास्त्र हा इतर विषयांबरोबर घेण्याचा ‘ऑप्शनल’ विषय होता आणि पूर्ण अभ्यासक्रम घेणाऱ्यांसाठी वेगळी ‘एंटायर’ पदवी होती. सोलापूरकडे तिलाच ईसीएस (एंटायर कॉम्प्युटर सायन्स) म्हणतात. पुण्यात पदवीपत्रावर बीएस्सी असले तरी विद्यार्थी अजूनही ‘बीसीएस करतोय’ असेच सांगतो. मुंबईने एकविसाव्या शतकाच्या आरंभी बीएस्सी आयटी आणली आणि उपनगरांतल्या महाविद्यालयांत ती झपाट्याने पसरली. पुण्यात आणखी एक गुंता झाला. तिथे वाणिज्य शाखेची बीसीए होतीच. तिच्या जोडीला विज्ञान शाखेची बीसीए (सायन्स) सुरू झाली, आणि गेल्या दशकात वाणिज्य शाखेच्या बीसीएचे नाव बदलून बीबीए (सीए) करण्यात आले. त्यातले ‘सीए’ म्हणजे कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन, हे दर जूनमध्ये प्रवेशासाठी आलेल्या पालकांना समजावून सांगावे लागते.

नावे वेगळी असली तरी आत शिकवतात तेच, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पुण्याच्या विद्यापीठाची बीएस्सी घेतली तर पहिल्या वर्षी संगणकाच्या जोडीने गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स असे. प्रवेशासाठी बारावीला विज्ञान शाखा गृहीत धरलेली असे. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स सी भाषेत, पुढे सी++ आणि नेटवर्क, आणि तिसऱ्या वर्षी सिस्टिम प्रोग्रामिंग, ऑपरेटिंग सिस्टिम, ऑटोमाटा व कंपायलर (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत भाषांतर करणारे सॉफ्टवेअर) हे ज्याला ‘कोअर’ म्हणतात ते विषय. उलट वाणिज्य शाखेच्या बीसीएत पहिल्या वर्षी सी भाषा होतीच, पण तिच्या शेजारी वित्तीय लेखांकन, व्यवस्थापनाची तत्त्वे, व्यावसायिक संप्रेषण आणि संघटनात्मक वर्तन हे विषय होते. डेटाबेस दोन्हीकडे, जावा दोन्हीकडे. कंपायलर कसा बांधतात हे मात्र एकीकडेच शिकवले जाई, आणि ताळेबंद दुसरीकडेच. बीएस्सीत इलेक्ट्रॉनिक्स इतके का, याचे शैक्षणिक समर्थन करता येते. पण विज्ञान महाविद्यालयांत इलेक्ट्रॉनिक्सचे विभाग, उपकरणे आणि शिक्षक आधीपासून होते आणि संगणकशास्त्राचे नव्हते, हे कारणही तितकेच वजनदार असावे, असे माझे मत आहे.

यांतली बीएस्सी किती गंभीरपणे आखलेली होती, हे तिच्या प्रात्यक्षिकांवरून कळते. अभियांत्रिकीच्या कित्येक प्रयोगशाळांत निळ्या पडद्याचा टर्बो सी हा जुना कंपायलर दीर्घकाळ ठाण मांडून होता. विंडोज बदलले तेव्हा तो जुनी सॉफ्टवेअर चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये घालून चालवला गेला, पण हटला नाही. पुण्याच्या बीएस्सीने मात्र प्रयोगशाळेत लिनक्स, जीसीसी हा कंपायलर आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस आणले. तिसऱ्या वर्षाला स्वतःचा छोटा शेल, म्हणजे वापरकर्त्याच्या आज्ञा घेऊन त्या पार पाडणारा प्रोग्रॅम, लिहायचा असे: वापरकर्त्याने ‘काउंट’, ‘टाइपलाइन’, ‘लिस्ट’ किंवा ‘सर्च’ अशी आज्ञा दिली की फाइलमधले शब्द मोजून दाखवायचे, ओळी छापायच्या, निर्देशिकेतली नावे द्यायची किंवा एखादा शब्द शोधायचा, आणि बाकीच्या आज्ञांसाठी फोर्क करून नवी प्रोसेस (चालता प्रोग्रॅम) उभी करायची. हा प्रोग्रॅम ज्याने स्वतः लिहिला, त्याला प्रोसेस म्हणजे काय हे पुस्तकातली व्याख्या पाठ करणाऱ्यापेक्षा नक्कीच जास्त कळले.

मात्र परीक्षेच्या पद्धतीने या गांभीर्याला कात्री लावली. प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थी स्लिप उचलतो; स्लिपवर दोनेक प्रश्न असतात, एक सिंगली लिंक्ड लिस्टचा तर दुसरा एखाद्या ट्रिगरचा किंवा कर्सरचा; मग ठरलेल्या वेळात प्रोग्रॅम चालवून दाखवायचा आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर तोंडी. स्लिपांचा संच आधीपासून माहीत असल्याने ‘स्लिप सोल्यूशन’ हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार तयार झाला. तो पूर्वी झेरॉक्सच्या दुकानात मिळे, आता फोनवर फिरतो.  स्लिपा पाठ करून उत्तीर्ण होण्याची वाट बीएस्सीलाही तेवढीच खुली होती जेवढी बीसीएला. म्हणून आशयातला फरक कागदावर स्पष्ट असला तरी पदवीधराच्या हातात तो नेहमी उतरला, असे म्हणता येणार नाही.

नोकरी देणाऱ्यांनी तर हा फरक फारसा मानलाच नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस २००० साल उजाडताना संगणकांतल्या तारखा बिघडू नयेत यासाठीचे (वायटूके) काम, हिंजवडीसारख्या वसाहती आणि परदेशी कंत्राटे यांनी संगणक येणाऱ्या माणसांची मागणी वाढवली. पुढच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी अभियंत्यांबरोबर बीएस्सी आणि बीसीए झालेल्यांनाही घेऊन, काही महिने शिकवून, कमी पगारावर तेच काम द्यायला सुरुवात केली. त्यांच्या जाहिरातीत दोन्ही पदव्या एकाच ओळीत असत. महाविद्यालयांनाही हे अभ्यासक्रम परवडणारे होते, कारण ते बहुतांशी विनाअनुदानित तत्त्वावर चालत, शुल्क पारंपरिक बीकॉमच्या किंवा बीएस्सीच्या कित्येक पट असे आणि शिक्षक तासिका तत्त्वावर मिळत. संगणकशास्त्रात एमएस्सी झालेला माणूस तासिकेच्या मानधनावर किती दिवस टिकेल, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही आणि त्याचे परिणाम अभ्यासक्रम बदलताना दिसत राहिले. मुंबईने २०१६-१७ च्या सुमारास बीएस्सीच्या पहिल्याच वर्षी पायथॉन आणली, पुण्याच्या अभियांत्रिकीने २०१९ च्या पॅटर्नमध्ये पहिल्या वर्षाची सी काढून पायथॉन घातली; कागदावर हे बदल एका बैठकीत झाले, वर्गात मुरायला बराच काळ गेला.

आता कायद्याकडे वळू, कारण खरी गाठ तिथे आहे. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद १९४५ पासून सल्लागार म्हणून अस्तित्वात होती. १९८७ च्या कायद्याने तिला वैधानिक अधिकार मिळाले. त्या कायद्यातली ‘तंत्रशिक्षणा’ची व्याख्या अभियांत्रिकी, तंत्रज्ञान, वास्तुकला, नगररचना, व्यवस्थापन, औषधनिर्माण आणि उपयोजित कला व हस्तकला अशी शाखा मोजत जाते आणि शेवटी केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचित करील ते इतर कार्यक्रम, असे दार उघडे ठेवते. संगणक हा शब्द तिथे नाही. तो ‘तंत्रज्ञान’ या शब्दात येतो की नाही, हे पुढच्या प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठरवले. एमसीए परिषदेच्या कक्षेत धरली गेली, बीसीए धरली गेली नाही. आणि दोन्हींच्या नावात ‘कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन’ हेच शब्द असूनही या विसंगतीचे समाधानकारक स्पष्टीकरण कुठे वाचायला मिळत नाही.

न्यायालयांत हा विषय दोन टप्प्यांत आला. विद्यापीठाला स्वतःच्या विभागात तंत्रशिक्षणाचा अभ्यासक्रम सुरू करायला परिषदेची पूर्वपरवानगी लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले. मग प्रश्न उरला संलग्न महाविद्यालयांचा. २०१३ च्या निकालात न्यायालयाने एमबीए हे तंत्रशिक्षण नाही, एमसीए मात्र आहे, असे म्हटले. पण विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांना ते चालवण्यासाठी परिषदेची परवानगी आवश्यक नाही, असाही निष्कर्ष काढला, आणि २००० साली परिषदेने नियमांत केलेली दुरुस्ती संसदेपुढे ठेवलीच गेली नव्हती, यावरही बोट ठेवले. पुढच्याच वर्षी अंतरिम आदेशांच्या आधारे परिषदेला मान्यतेचे काम चालू ठेवता आले आणि व्यवहार पूर्वपदावर आला. व्याख्येचा मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला. इतकी वर्षे बीसीए बाहेर ठेवणाऱ्या परिषदेने २०२३ मध्ये ती आत घेतली, तेव्हा कायद्यातली व्याख्या बदललेली नव्हती. बदलला होता तो तिचा अर्थ. या निर्णयाच्या बाजूने मान्य करण्यासारखे पुष्कळ आहे. पात्र शिक्षक नसलेल्या, संगणकही मोजकेच असलेल्या महाविद्यालयांना कोणीतरी जाब विचारणे गरजेचेच होते. पण शिक्षक आणि प्रयोगशाळा हा निकष असेल, तर तो बीएस्सीला का लागू नये, याचे उत्तर नियमावलीत नाही. यादी पदवीच्या नावावरून केली गेली; पुण्याची बीसीए (सायन्स) तिच्यात आली आणि तिच्याहून अधिक तांत्रिक आशय असलेली बीएस्सी बाहेर राहिली.

महाराष्ट्रातली पहिली सीईटी २०२४ च्या मेअखेरीस झाली. राज्यातल्या या अभ्यासक्रमांच्या जागा एक लाखाच्या पुढे होत्या आणि परीक्षा देणारे त्यांच्या निम्म्याहूनही कमी निघाले; सीईटी द्यावी लागते, हेच अनेकांना वेळेत कळले नव्हते. जागा रिकाम्या राहणार हे स्पष्ट झाल्यावर ऑगस्टमध्ये पुन्हा परीक्षा घेण्यात आली. तोवर बरेच विद्यार्थी बीएस्सीकडे, बीकॉमकडे किंवा खासगी विद्यापीठांकडे गेले होते. काही महाविद्यालयांनी तर आपल्या व्यवस्थापन अभ्यासक्रमांची नावेच बीकॉमच्या छताखाली नेऊन सीईटीतून सुटका करून घेतली. यावर बरीच टीका झाली. पण नियम नावावर बेतलेला असेल, तर नाव बदलून तो टाळला जाणार, हे अपेक्षितच होते.

त्याच सुमारास परिषदेने बीसीएसाठी आदर्श अभ्यासक्रमही तयार केला आणि राज्यात संलग्न महाविद्यालयांमध्ये नवे शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून लागू झाले. या धोरणाखाली तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ श्रेयांकांची, चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६ श्रेयांकांची. मुख्य विषयाबरोबर मायनर, ओपन इलेक्टिव्ह, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली आणि कौशल्य अभ्यासक्रम अशी विभागणी आहे. बीएस्सीतले गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स, जे आजवर अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग होते, त्यांना आता या चौकटींमध्ये जागा शोधावी लागते, आणि ज्या महाविद्यालयात त्या विषयांचा शिक्षक नाही तिथे त्यांच्याऐवजी दुसरे काही येण्याची वाट मोकळी झाली आहे. वरच्या टोकालाही हालचाल झालेली आहे: २०२०-२१ पासून एमसीए तीनाऐवजी दोन वर्षांची झाली, म्हणजे पूर्वी तिच्या पहिल्या वर्षी जे पायाभूत शिकवले जाई ते आता पदवीत झालेले आहे असे गृहीत धरले जाते. बारावीला गणित नसलेला, वाणिज्य शाखेतून बीसीए झालेला विद्यार्थी या गृहीतकात कुठे बसतो, हे प्रत्येक महाविद्यालय ब्रिज कोर्स घेऊन किंवा न घेता आपापल्या परीने सोडवत आहे. २०२४ मध्ये प्रवेश घेतलेली तुकडी २०२७ मध्ये तीन वर्षे पूर्ण करील. तेव्हा पदवी घेऊन बाहेर पडायचे की चौथ्या वर्षाला थांबायचे, हे तिला ठरवावे लागेल; चौथे वर्ष निवडणाऱ्या बीसीएच्या विद्यार्थ्याने अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याइतकीच वर्षे दिलेली असतील. परिषदेची सध्याची नियमावलीही त्याच वर्षापर्यंतची आहे.