काजूवरचा ढेकण्या आणि हेलिकॉप्टरचा निर्णय: पार्श्वभूमी

सत्तरच्या दशकात काजूच्या किडींवर काम सुरू करून या शतकाच्या पहिल्या दशकात निवृत्त झालेली कीटकशास्त्रज्ञांची एक पिढी वेंगुर्ल्यापासून कासरगोडपर्यंतच्या किनारपट्टीवर आहे. एका माणसाच्या नोकरीच्या काळात काजूच्या बाबतीत जेवढ्या उलथापालथी झाल्या, तेवढ्या क्वचितच दुसऱ्या एखाद्या फळझाडाच्या वाट्याला आल्या असतील. बुरशीचा रोग म्हणून ओळखला जाणारा प्रकार किडीचा निघाला. ती कीड म्हणजे ढेकण्या, कोवळ्या कोंबांतला रस शोषणारा ढेकणाच्या जातीचा किडा (इंग्रजीत टी मॉस्किटो बग). तिच्यासाठी औषध ठरलं, ते आकाशातून पडायला लागलं आणि अखेर देशभर बंद झालं. आता ड्रोनच्या निमित्ताने फवारणी पुन्हा हवेतून होऊ लागली आहे, म्हणून ही मागची गोष्ट सांगायला हवी.

काजू पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला आणि गोव्यातून तो किनाऱ्यावर पसरला. त्यानंतरची सुमारे चार शतकं या झाडाकडे कुणी पीक म्हणून पाहिलं नाही. डोंगरउतारावर, कातळावर बी पडलं की झाड उगवायचं. बोंडं खायची किंवा दारू गाळायची आणि बिया गोळा करायच्या, एवढाच त्याच्याशी संबंध. प्रत्येक झाड वेगळ्या बीपासून आलेलं, त्यामुळे पालवी आणि मोहोर प्रत्येकाचा आपापल्या वेळी. कीड होतीच, पण तिला एकाच वेळी शेकडो हेक्टर कोवळी पालवी मिळत नव्हती.

चित्र पालटलं ते कारखान्यांमुळे. केरळ आणि कर्नाटकातले काजू कारखाने पूर्व आफ्रिकेतून येणाऱ्या कच्च्या बियांवर चालत. आफ्रिकी देशांनी स्वतः प्रक्रिया सुरू केल्यावर सत्तरच्या दशकात ही आवक घटली आणि देशातच मोठ्या प्रमाणावर काजू लावण्याची घाई झाली. सरकारी महामंडळांनी आणि वनखात्यांनी डोंगरच्या डोंगर काजूखाली आणले. एकाच पिकाच्या सलग बागा उभ्या राहिल्या आणि ढेकण्याची चंगळ झाली.

पूर्ण वाढलेला ढेकण्या पाठीवर टाचणीसारखा उभा काटा असलेला, सडपातळ आणि लांब पायांचा असतो. शास्त्राला त्याची ओळख 1858 मध्ये श्रीलंकेतल्या नमुन्यांवरून झाली. चहा, कोको, पेरू, कडुनिंब अशा अनेक झाडांवर तो जगतो. काजूच्या कोवळ्या कोंबात, मोहोराच्या देठात आणि लहान बियांमध्ये सोंड खुपसून तो रस शोषतो. खरं नुकसान त्याच्या लाळेने होतं. टोचलेल्या जागी पाणचट डाग पडतो, तो तपकिरी आणि मग काळा होतो, शेजारचे डाग एकमेकांत मिसळतात आणि कोंब किंवा मोहोराची दांडी वाळून जाते. काही दिवसांत अख्खी बाग जाळ लागल्यासारखी दिसते. मादी अंडी कोवळ्या देठाच्या आत घालते, बाहेर फक्त दोन बारीक तंतू दिसतात. साधारण तीन-चार आठवड्यांत एक पिढी पूर्ण होते, म्हणजे ऑक्टोबरच्या पालवीपासून फेब्रुवारीच्या फळापर्यंत अनेक पिढ्या. प्रादुर्भाव जोरात असेल तर उत्पादनात 30 ते 50 टक्के घट येते, असं पुस्तकांत वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे आणि ज्यांच्या बागा करपल्या आहेत त्यांना ते अतिशयोक्त वाटत नाही.

हा किडा सहज दिसत नाही, कारण त्याचं खाणं मुख्यतः सकाळी लवकर आणि संध्याकाळी चालतं. उन्हं वर आल्यावर बागेत गेलेल्या माणसाला काळवंडलेला मोहोर दिसतो आणि त्यावर बुरशी दिसते. त्यामुळे कित्येक वर्षं हा मोहोराचा करपा रोग समजला गेला. कोकणातला शेतकरी आजही 'मळभ आलं नि मोहोर जळला' असंच म्हणतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हा गुंता सुटला: कीड आधी टोचते, बुरशी त्या जखमेत नंतर शिरते. काजूच्या कीटकशास्त्रातलं हे सर्वात मोलाचं काम आहे असं मला वाटतं. बुरशीनाशकावर जाणारा खर्च त्यामुळे चुकीच्या जागी जातोय हे कळलं आणि किडीच्या सवयींचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला.

त्या अभ्यासातून तीन फवारण्यांचं वेळापत्रक आलं: पहिली पालवीवर, दुसरी मोहोरावर, तिसरी फळधारणेच्या वेळी. औषधांच्या यादीत एंडोसल्फान होतं. स्वस्त होतं, सहज मिळत होतं आणि फुलांवर येणाऱ्या मधमाश्यांना इतर औषधांपेक्षा कमी मारतं असं त्या काळी मानलं जाई. ऑरगॅनोक्लोरीन गटातलं हे रसायन माशांना अत्यंत विषारी आहे आणि मातीत त्याचं रूपांतर अधिक टिकणाऱ्या सल्फेटमध्ये होतं, हेही तेव्हा अज्ञात नव्हतं. झाडाला पंप लावून, गरज असेल तेव्हा मारायचं औषध म्हणून ते शिफारशीत आलं होतं.

केरळच्या उत्तर टोकाला असलेल्या कासरगोड जिल्ह्यात मात्र ते हेलिकॉप्टरमधून मारलं गेलं. हा निर्णय का घेतला गेला, याची कारणं समजून घ्यायला हवीत, कारण ती मूर्खपणाची नव्हती. बागा सरकारी महामंडळाच्या, हजारो हेक्टर पसरलेल्या, चढउताराच्या. झाडं उंच आणि फांद्या एकमेकांत गुंतलेल्या. डिसेंबर ते फेब्रुवारीत जांभ्याच्या माथ्यावर पाणी नसतं, आणि पंपाने फवारायला झाडागणिक कितीतरी लिटर पाणी लागतं. ते डोक्यावरून वर कोण नेणार? मजूर मिळत नव्हते आणि पालवीचा काळ थोडा. हेलिकॉप्टर थोड्या पाण्यात, थोड्या दिवसांत सगळा डोंगर उरकायचं. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात हे सुरू झालं आणि वर्षाला साधारण तीन वेळा या हिशेबाने डिसेंबर 2000 पर्यंत चाललं.

या निर्णयाचा तोल किडीच्या स्वभावापाशीच जातो, आणि या विषयावर बोलताना नेमका हाच भाग सुटतो. बियांपासून वाढवलेल्या बागेत एका दिवशी काही झाडांना पालवी असते, काहींना नसते. ढेकण्या पालवी असेल तिथेच असतो, तोही जागोजागी. वरून सरसकट औषध टाकलं की त्यातलं बरंचसं किडीला काहीही खायला नसलेल्या झाडांवर पडणार. शिवाय तो फांद्यांच्या आत, कोंबांच्या आडोशाला बसतो. हवेतून पडलेला थेंब पहिल्यांदा वरच्या जून पानांवर अडकतो. डोंगराळ भागात हेलिकॉप्टरला झाडांच्या शेंड्यांजवळून उडता येत नाही: एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला दरी. उंची वाढली की थेंब वाऱ्याबरोबर वाहतो. शिफारशीमागचे प्रयोग झाडाला पंप लावून केलेले होते. त्या शिफारशीचं नाव घेऊन जे केलं गेलं, ती वेगळीच गोष्ट होती.

बाग आणि गाव तिथे वेगळे नव्हते. एन्मकजे पंचायतीतल्या पद्रे भागात उतारावर काजू आणि पायथ्याशी घरं, सुपारीच्या बागा, ओढे. पिण्याचं पाणी बऱ्याच ठिकाणी डोंगरात खणलेल्या आडव्या भुयारांतून येतं. तिथे त्यांना सुरंगा म्हणतात. जिल्ह्याच्या उत्तर भागात मराठीला जवळची कऱ्हाडी बोलणारी घरं पिढ्यानपिढ्या आहेत, म्हणजे आपल्याला वाटतं तेवढी ही गोष्ट परकी नाही. हवाई फवारणीची सूचना किमान 24 तास आधी लोकांना द्यावी असं कीटकनाशकांचे 1971 चे नियम सांगतात. पण डोंगरातलं उघडं पाणी सूचना मिळाली म्हणून झाकता येत नाही.

सुरुवातीच्या काही वर्षांतच तिथल्या एका शेतीपत्रकाराने वासरांच्या वाकड्या पायांबद्दल लिहिलं. एका गावडॉक्टरांनी आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांत न जुळणारं काहीतरी वाढतंय हे नोंदवलं. 1998 मध्ये कृषी खात्यातच काम करणाऱ्या एका महिलेने स्थानिक न्यायालयात जाऊन फवारणीवर मनाई मिळवली. या तिघांपैकी कुणीही कीटकशास्त्रज्ञ नव्हतं. मला ही गोष्ट बोचते, कारण थेंब कुठे जातो हे सर्वात आधी कळू शकणारे लोक आमच्या क्षेत्रातले होते.

2001 मध्ये एका केंद्रीय आरोग्य संशोधन संस्थेने पाहणी केली. बागांच्या पायथ्याच्या गावातले 10 ते 19 वर्षांचे 117 मुलगे आणि सुमारे 20 किलोमीटरवरच्या, कधीच हवाई फवारणी न झालेल्या गावातले 90 मुलगे यांची तुलना झाली. पहिल्या गटात वयात येण्याची लक्षणं उशिरा दिसत होती आणि रक्तात एंडोसल्फानचं प्रमाण जास्त होतं. फवारणी थांबून बरेच महिने झाले होते, तरीही. त्याच वर्षी दिल्लीतल्या एका पर्यावरण संस्थेच्या तपासणीत पाण्यात, मातीत आणि रक्तात अवशेष मोठ्या प्रमाणावर निघाले, तर महामंडळाने दुसऱ्या प्रयोगशाळेकडून करून घेतलेल्या तपासणीत चित्र वेगळं निघालं. मग समित्या आल्या. काहींनी संबंध स्पष्ट आहे म्हटलं, काहींनी सिद्ध होत नाही म्हटलं. कोणता आजार औषधामुळे आणि कोणता नाही, हा वाद अजूनही पूर्ण मिटलेला नाही.

या वादात एक साधी गोष्ट बाजूला पडली. वस्तीवर, पिण्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षं कीटकनाशक पडू देणं चूक होतं हे सांगायला एकाही आजाराचा पुरावा लागत नव्हता. फवारणीचं तंत्र एवढ्यासाठीच पुरेसं होतं. तरी पुराव्याचं ओझं आजारी माणसांच्या घरांवर टाकलं गेलं आणि शेतीशास्त्रातले अनेक ज्येष्ठ औषधाच्या बचावाला उभे राहिले. औषधाचा बचाव करता करता त्यांच्याकडून हेलिकॉप्टरचाही बचाव झाला.

पुढचा क्रम माहितीचा आहे, थोडक्यात सांगतो. केरळने आधी बंदी घातली. एप्रिल 2011 मध्ये टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांच्या आंतरराष्ट्रीय करारात एंडोसल्फानचा समावेश झाला. भारताने आधी त्याला विरोध केला होता. त्याच महिन्यात केरळच्या मुख्यमंत्र्यांनी देशव्यापी बंदीसाठी एक दिवसाचं उपोषण केलं. 13 मे 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर उत्पादन, विक्री आणि वापर थांबवला. जानेवारी 2017 मध्ये त्याच न्यायालयाने पीडितांना प्रत्येकी 5 लाख रुपये तीन महिन्यांत देण्याचा आदेश राज्याला दिला.

कोकणात हेलिकॉप्टर आलं नाही, पण काजू आला. 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पडीक वरकस जमिनी काजूखाली आल्या, आणि त्या बियांच्या रोपांनी नव्हे, कलमांनी. वेंगुर्ल्यात तयार झालेल्या जाती, विशेषतः वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7, घरोघर गेल्या. कलमी बागेत पालवी आणि मोहोर बऱ्याच अंशी एकदम येतात. म्हणून वेळेवर केलेली फवारणी इथे जास्त उपयोगी पडते आणि चुकलेली जास्त महागात जाते. तीन फवारण्यांचं वेळापत्रक तेच राहिलं, एंडोसल्फानची जागा प्रोफेनोफॉस, लॅम्डा सायहॅलोथ्रीन अशा औषधांनी घेतली. 'किडा दिसला तर' ही अट मात्र शिफारशीतून बागेत पोचेपर्यंत गळून जाते आणि उरते ती पंचांगासारखी तीनदा मारायची सवय. आपल्याकडे बोंडू पोरं झाडाखाली उभं राहून खातात आणि गोव्यात त्याच रसाची फेणी होते. म्हणून तिसऱ्या फवारणीची तारीख आणि बोंडू पिकण्याची तारीख यांत किती दिवस जातात, हे काटेकोर पाहायला हवं.

ढेकण्याच्या या गदारोळात खोडकिड्याकडे दुर्लक्ष झालं, आणि ते अन्यायकारक आहे. ढेकण्या एका हंगामाचं पीक नेतो, खोडकिडा झाड नेतो. लांब मिशांचा तपकिरी भुंगेरा बुंध्याजवळच्या सालीच्या फटीत अंडी घालतो. अळ्या साल आणि मुळं पोखरत जातात, भोकातून डिंक आणि भुसा बाहेर येतो. 15 वर्षांपुढच्या झाडांना धोका अधिक. पानं पिवळी पडेपर्यंत लक्ष गेलं नाही तर काही करता येत नाही. लवकर दिसला तर पटाशीने साल उघडून अळी काढायची आणि जखमेवर औषध लावायचं. मेलेलं झाड बागेत ठेवायचं नाही, कारण पुढची पिढी त्यातूनच निघते. दर महिन्याला प्रत्येक बुंध्याशी वाकून पाहणं, एवढंच हे काम. त्याला यंत्र नाही, अनुदान नाही, म्हणून त्याचं नावही कुणी घेत नाही. कीटकशास्त्रज्ञांच्या या पिढीतल्या ज्यांनी आयुष्य या अळीच्या मागे घालवलं, त्यांच्या कामाने प्रत्यक्षात जास्त झाडं वाचली असतील असं मला मनापासून वाटतं.

बंदीनंतर जोर धरलेला विषय नैसर्गिक शत्रूंचा. ढेकण्याच्या अंड्यांवर जगणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्या आपल्याकडेच सापडतात, पण त्यांचं प्रमाण जागेनुसार फार बदलतं. जास्त भरवशाच्या ठरल्या आहेत पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या, कोकणातली ओंबील. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या काजूबागांत नव्वदच्या दशकापासून झालेल्या प्रयोगांत ओंबिलाची वसाहत असलेल्या झाडांवर ढेकण्याचा त्रास लक्षणीय कमी राहिला. मुंग्या चावतात ही तक्रार आंब्याच्या काढणीत खरी आहे, पण काजूची बी पडलेली गोळा करतात, त्यामुळे इथे ती तेवढी आड येत नाही. तरी आपल्या बागांत ओंबिलाचं घरटं दिसलं की पहिला विचार ते जाळण्याचाच होतो.

डिसेंबर 2021 मध्ये केंद्राने ड्रोनने कीटकनाशक फवारण्याची कार्यपद्धती ठरवून दिली. उंच झाडं, पाण्याची टंचाई, मजुरांची वानवा ही कारणं तीच आहेत. ड्रोन कमी उंचीवरून उडतो, एकेका झाडावर थांबू शकतो, त्यामुळे हेलिकॉप्टरचे सगळे दोष त्याला लागू होत नाहीत. पण थेंब लहान, औषध दाट आणि पाणी थोडं हे गणित दोन्हीकडे सारखंच आहे. वरची जून पानं आधी भिजतात हेही तसंच. कोकणच्या उतारावर, विहिरी आणि वाड्यांना लागून असलेल्या काजूत वाऱ्याचा वेग किती असताना उडायचं, वस्तीपासून किती अंतर सोडायचं, आणि उडण्याआधी किती झाडांवर ढेकण्या मोजायचा, हे आकडे प्रत्येक बागेच्या उतारावर प्रयोग करूनच काढावे लागतील, आणि ते पहिल्या हंगामाच्या आधी काढायला हवेत.