मुंबईतील घरगुती सौरऊर्जा

राहत्या घराच्या किंवा गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवून वीज तयार करणे. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने इथे उन्हाला तोटा नाही. तोटा आहे तो मोकळ्या गच्चीचा. एक किलोवॉटच्या पॅनेलांना साधारण १० चौरस मीटर बिनसावलीची जागा लागते. त्यातून वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट मिळतात. भर पावसाळ्यात ढगाळ दिवशी त्याच्या निम्मेही हाती लागत नाहीत.

आयआयटी मुंबईच्या सहभागाने झालेल्या अभ्यासात बृहन्मुंबईतील छपरांची क्षमता सुमारे १.७२ गिगावॉट काढली होती. घरटी हिशेब मात्र वेगळा निघतो. समजा, टाक्या आणि लिफ्टची मशीनरूम वगळून गच्चीत २०० चौरस मीटर जागा उरली, तर २० किलोवॉट बसतात, म्हणजे दिवसाला ८० युनिट. सात मजली, २८ घरांच्या इमारतीत घरामागे जवळजवळ ३ युनिट येतात. तेवढ्याच गच्चीखाली ८० घरांचा टॉवर असेल तर अवघे एक. त्यातच गच्ची सगळ्यांची असल्याने एकट्याच्या पॅनेलांना सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. म्हणून लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे ज्या सामायिक मीटरवर चालतात, त्यालाच जोडणी देणे बहुतेक सोसायट्यांना परवडते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत अशा सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान ठरले; स्वतंत्र घराला २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८,००० रुपये.

सर्वांत मोठी फसगत सावलीची होते. मेच्या मध्यात दुपारी सूर्य मुंबईच्या थेट डोक्यावर असतो, तेव्हा गच्ची पाहिली तर सावली जवळपास दिसतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीही दक्षिणेला कललेला असतो आणि ३ मीटर उंच टाकीची सावली उत्तरेकडे पावणेतीन मीटर जाते, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. एका पॅनेलवरची सावली त्याच साखळीत, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या, बाकीच्या पॅनेलांचीही वीज खाली ओढते. पाहणी डिसेंबरातला सूर्य धरूनच करावी. पॅनेलांचे तोंड दक्षिणेला आणि कल १५ ते २० अंश असावा.

स्लॅबला भोके पाडून सांगाडा ठोकला की वॉटरप्रूफिंग फुटते आणि पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावर गळती लागते. त्याऐवजी काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभारतात. ठोकळ्यांचे वजन मात्र वादळी वाऱ्याचा हिशेब करून ठरवावे आणि जुन्या इमारतीला ते पेलेल का, हे आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासून घ्यावे. खाऱ्या हवेत साधा रंगवलेला सांगाडा लवकर गंजतो. त्यासाठी गरम जस्तात बुडवलेले लोखंड आणि स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वापरावेत. पावसाळा संपला की धूळ आणि कबुतरांची विष्ठा साचू लागते, तेव्हा दर पंधरा दिवसांनी सकाळी, पॅनेल तापण्याआधी, साध्या पाण्याने धुवावे.

बॅटरी नसलेला संच ग्रीडची, म्हणजे वीज कंपनीकडून येणारी, वीज गेली की स्वतःही बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून पॅनेलांची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये ही सोय मुद्दाम केलेली असते. वीज नसताना लिफ्ट चालवायची असेल तर जनरेटर काढून टाकू नये.