पाळकांना प्रश्न विचारणं म्हणजे पाप नव्हे

सांगली-मिरजेकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) फिरणारा समज: 'अभिषिक्तांना (देवानं निवडलेल्यांना) हात लावू नका' असं बायबलमध्ये वचन आहे, म्हणून पाळकांच्या, म्हणजे पास्टरांच्या, शिकवणीवर शंका घेऊ नये.

ही भीती श्रद्धेतूनच येते, पण वचन अर्धंच सांगितलं जातं. स्तोत्र 105 उघडा आणि 15व्या वचनाआधी 8व्यापासून वाचा. परक्या मुलखात भटकणाऱ्या अब्राहाम, इसहाक, याकोबाच्या मूठभर माणसांना इजा करू नका, अशी ती राजांना ताकीद आहे. शिकवण तपासायला तिथं मनाई नाही. उलट बिरुया शहराचे लोक प्रेषित पौलाचं बोलणं रोज शास्त्रात पडताळत, आणि त्याबद्दल त्यांची वाखाणणीच झाली (प्रेषितांची कृत्ये 17:11).

पाळकाचं भाकीत खरं ठरलं, एवढंही त्याच्यावर विश्वास ठेवायला पुरेसं नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकात 13:1-3 पाहा: चिन्ह खरं ठरलं तरी दुसऱ्या देवांकडे नेणाऱ्याचं ऐकू नका, असं तिथं आहे. दानाची पावती आणि हिशेबही मागा. पौलानं वर्गणी नेताना मुद्दाम सोबती घेतले होते (2 करिंथ 8:18-21). उत्तरादाखल शापाची धमकी मिळाली, तर सावध व्हा.