लाकडी ठोकळे आणि 'हेड लो': शॉकमधल्या एका सवयीची पार्श्वभूमी

खाटेचा पायथा उचलायचा, खाली दोन लाकडी ठोकळे सरकवायचे, उशी काढून घ्यायची. 'बीपी लागत नाही' असं कानावर पडलं की डॉक्टर येईपर्यंत जुन्या वॉर्डांतल्या सिस्टर आणि मावशी एवढं करून ठेवायच्या. पुढे खाटांना हँडल आले, मग रिमोट आले आणि ठोकळे अडगळीत गेले. 'हेड लो द्या', म्हणजे डोकं खाली आणि पाय वर करा, ही हाक मात्र गेली नाही. शॉकच्या नव्या नियमावल्यांत तिला जागा उरलेली नाही, तरी वॉर्डात तिच्यावरून अजून खटके उडतात.

आधी शब्दाचा घोळ. इंग्रजी वैद्यकात 'शॉक' आला तो १७४३ साली, बंदुकीच्या जखमांवरच्या एका फ्रेंच ग्रंथाच्या भाषांतरातून, असं साधारणपणे मानतात. तेव्हा त्याचा अर्थ हादरा एवढाच होता. गोळी लागली, शरीर हादरलं. रक्तदाबाशी त्याचा संबंध असणं शक्यच नव्हतं, कारण माणसाचा रक्तदाब बिछान्याशेजारी मोजायची सोयच नव्हती. आपल्याकडे हा शब्द घरोघरी पोचला तो विजेबरोबर. त्यामुळे 'पेशंट शॉकमध्ये आहे' असं सांगितलं की नातेवाईक गोंधळतात, 'अहो, पण त्यांना तर आम्ही काहीच कळू दिलं नव्हतं!' त्याच खाटेवर तासाभराने डीफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, लावायची वेळ आली तर 'शॉक देतोय' म्हणतात. मानसोपचारातला 'शॉक' आणखी वेगळा. पेशींना पुरेसा प्राणवायू पोचत नाही ही आजची व्याख्या यातल्या एकाही अर्थाजवळ जात नाही.

डोकं खाली, पाय वर ही स्थिती शॉकसाठी जन्मलीच नव्हती. १८८० च्या दशकात एका जर्मन सर्जनने ती ओटीपोटाच्या शस्त्रक्रियांसाठी रूढ केली. टेबल असं कलंडवलं की आतडी छातीकडे सरकतात आणि मूत्राशय, गर्भाशय मोकळं दिसतं. सोय होती ती सर्जनच्या डोळ्यांची, रुग्णाच्या रक्ताभिसरणाची नव्हे.

ती शॉकला चिकटली पहिल्या महायुद्धात. रक्तस्रावाने पांढरेफटक पडलेले सैनिक, हाताशी उपाय मोजके, आणि एका नामांकित अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाची शिफारस: पायांतलं रक्त हृदयाकडे आणि मेंदूकडे उतरू द्या. माठ कलंडला की पाणी तोंडाशी येतं, इतका हा तर्क सरळ होता. पुढच्या दहाएक वर्षांत त्याच शास्त्रज्ञाने आपलं मत बदललं. तोवर शिफारस पुस्तकांत शिरली होती, आणि पुस्तकातून काहीतरी काढून टाकणं हे घालण्यापेक्षा किती अवघड असतं ते शिकवणाऱ्यांना ठाऊक आहे.

तर्क चुकतो कुठे? शरीर म्हणजे माठ नव्हे. डोकं खाली गेलं की मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाबसंवेदी चेतातंतूंना वाटतं की दाब वाढलाय. मग ते रक्तवाहिन्या सैल करायचा आणि हृदय मंद करायचा निरोप पाठवतात, म्हणजे नको तेच. पोटातले अवयव छाती आणि पोटामधल्या श्वासपटलावर रेलतात, श्वास उथळ होतो. डोक्याला मार असेल तर कवटीतला दाब वाढतो, आणि उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जायचा धोका असतोच.

१९६७ साली अमेरिकेत मोजक्या रुग्णांवर प्रत्यक्ष मोजमाप झालं. डोकं खाली केल्याने रक्ताभिसरण सुधारल्याचं दिसलं नाही, काहींचा दाब तर आणखी घसरला. नंतरच्या मोठ्या अभ्यासांनीही फारसा वेगळा कौल दिला नाही. आणि तरी १९९७ साली तिथल्याच अतिदक्षता विभागांतल्या परिचारिकांची पाहणी झाली, तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी ही स्थिती वापरल्याचं सांगितलं. तीस वर्षं पुरावा एकीकडे आणि खाट दुसरीकडे.

याला निव्वळ अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. पायथा वर केला की रुग्णाचा चेहरा जरा भरल्यासारखा दिसतो, मानेच्या शिरा फुगतात, आणि पुढच्या रीडिंगला पारा चार-सहा अंकांनी वर मिळतो. तो किती मिनिटं टिकला हे कोण बघणार? दुसरं कारण ड्युटीवरच्या कुणालाही सांगावं लागणार नाही. रात्रपाळीला एक सिस्टर, चाळीस खाटा, डॉक्टरला कॉल गेलाय. अशा वेळी हातांना काहीतरी करायला लागतं. शिवाय ज्यासाठी डॉक्टरी आदेश लागत नाही अशा थोड्या गोष्टींपैकी ही एक होती.

पुढे गाडी अर्धी वळली. डोकं खाली नको, पण नुसते पाय उचलले तर? २००० नंतर याचा उपयोग उपचारापेक्षा चाचणी म्हणून वाढला. रुग्णाला ४५ अंशांत बसतं ठेवायचं, मग खाट अशी फिरवायची की धड आडवं आणि पाय ४५ अंश वर. साधारण ३०० मिली रक्त हृदयाकडे येतं, म्हणजे बाटली न लावता दिलेलं आणि पाय खाली केले की परत घेता येणारं सलाइनच. मिनिटभरात हृदयातून बाहेर पडणारं रक्त वाढलं तर द्रव द्यायला वाव आहे, नाही तर आणखी बाटल्या ओतून फुप्फुसं भरण्यात अर्थ नाही. इथे दंडाला बांधायच्या बीपीच्या पट्ट्यावर नुसतं विसंबून चालत नाही. आणि दोन्हींत पाय वरच दिसत असल्याने वॉर्डात या चाचणीलाही लोक 'हेड लो' म्हणतात. गोंधळ आणखी वाढतो तो यामुळे, की मानेच्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन (हृदयाजवळ पोचणारी नळी) घालताना किंवा बाळाआधी नाळ खाली उतरली असताना डोकं खाली करणं आजही बरोबरच आहे. सरसकट चूक म्हणून पाठ केलं की विद्यार्थी तिथेही कचरतात.

औषधांच्या बाबतीतही जुनं सुटायला असाच वेळ लागला. मूत्रपिंड जपणारा म्हणून डोपामिन या रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाचा 'रीनल डोस', म्हणजे छोटा डोस, कित्येक वर्षं चालला. ४०० मिलीग्रॅम ५०० मिलीत घालून मायक्रोड्रिपचे (मिलीला ६० बारीक थेंब पाडणाऱ्या नळीचे) थेंब मोजायचे. ६० किलोच्या रुग्णाला दर किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम द्यायचे तर मिनिटाला २२-२३ थेंब, हे गणित त्या पिढीच्या सिस्टर झोपेतही सांगतील. २००० साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या ३२८ रुग्णांवरच्या चाचणीत त्या छोट्या डोसने मूत्रपिंड वाचत नाही असं निघालं. २०१० साली युरोपातल्या १,६७९ रुग्णांमध्ये नॉरअॅड्रिनॅलिन या रक्तदाब वाढवणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या तुलनेत डोपामिनवर हृदयाचे ठोके जास्त बिघडलेले दिसले. आता पहिला मान नॉरअॅडचा. तिथे नवी अडचण लेबलची: बायटार्ट्रेट क्षार मोजला की मूळ औषध, यावर आकडा दुप्पट-निमपट होतो, २ मिलीग्रॅम क्षारात औषध १ मिलीग्रॅमच.

रक्तस्रावातही द्रवाबद्दलचं मत पालटलं. थंडगार सलाइन भराभर ओतलं की रक्त गोठवणारे घटक विरळ होतात आणि अंग गार पडल्याने उरलेलेही नीट काम करत नाहीत. २०१० साली २०,००० हून अधिक जखमींवरच्या चाचणीत ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड या रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाने मृत्यू कमी झाले, मात्र पहिल्या तीन तासांत दिलं तरच. त्यामुळे केसपेपरवर जखमेची वेळ लिहिणं हे कारकुनी काम राहिलं नाही.

स्थितीचा प्रश्न खऱ्या अर्थाने जिवावर येतो तो अॅनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे अॅलर्जीच्या जीवघेण्या झटक्यात. आपल्याकडे अजून कुठे कुठे आधी एव्हिल (अॅलर्जीचं औषध) आणि एफकॉर्लिन (स्टेरॉइड) यांना हात जातो आणि मांडीत द्यायचं अॅड्रिनॅलिन मागे पडतं. पण २००३ साली ब्रिटनमधल्या अशा मृत्यूंची छाननी झाली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली: आडव्या रुग्णाला अचानक बसवलं किंवा उभं केलं आणि काही क्षणांत हृदय रिकामं पडलं. म्हणून तिथे आडवं ठेवून पाय वर करणं सूचनांमध्ये टिकून आहे. दम लागला असेल तर बसू द्यायचं, पण पाय लांब ठेवून. आणि इंजेक्शननंतर बरं वाटलं म्हणून रुग्ण बाथरूमला निघाला, तर त्याला उठू द्यायचं नाही.